कुंपण न पडलेलं गाव: लॅक्स्टन आणि तिथली तीन शेतं

इंग्लंडचं खेडं म्हटलं की हिरवे चौकोनी तुकडे आणि त्यांना वेढणारी झुडपांची दाट कुंपणं असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मध्य इंग्लंडपुरतं बोलायचं तर हे चित्र मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तयार झालं. त्याआधी कित्येक शतकं तिथल्या असंख्य गावांच्या शिवारात कुंपणं जवळपास नव्हतीच. गावाभोवती दोन-तीन अवाढव्य शेतं असायची. प्रत्येक शेतात शेकडो अरुंद पट्टे, एकेका शेतकऱ्याचे पट्टे शिवारभर विखुरलेले. कोणत्या वर्षी कोणत्या शेतात काय पेरायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणाखाली आणली. या प्रक्रियेला 'एन्क्लोजर' म्हणतात. आपसातल्या करारांनी जी जमीन कुंपणात गेली, ती यात धरलेलीच नाही.

नॉटिंगहॅमशर परगण्यातलं लॅक्स्टन हे गाव यातून वाचलं. तिथली तीन मोठी शेतं आजही सामाईक नियमांनी कसली जातात आणि ते नियम मोडणाऱ्याला गावचं कोर्ट दंड करतं. डेव्हनमधल्या ब्रॉन्टनसारख्या ठिकाणी जुने पट्टे शिल्लक आहेत, पण पट्ट्यांबरोबर पीकफेर आणि कोर्ट हे सगळं एकत्र चालू असलेलं गाव हेच. हे गाव टिकलं कसं, हा या प्रकरणाचा प्रश्न. पर्यटकांना सांगतात ते उत्तर सोपं असतं: गावकऱ्यांनी परंपरा जपली. मला ते पटत नाही. लॅक्स्टन टिकलं ते बऱ्याच अंशी मोठ्या जमीनदारांचं आपसात जमलं नाही म्हणून. जमलं तोवर शेतीत पैसा उरला नव्हता. परंपरेचं प्रेम त्यानंतर जागं झालं.

गावाची ठेवण

लॅक्स्टन न्यूअर्कच्या वायव्येला, टक्सफर्ड आणि ऑलर्टन या दोन छोट्या बाजारगावांच्या मधल्या पट्ट्यात आहे. पश्चिमेला शेरवुडचं जंगल, पूर्वेला ट्रेंट नदीचं खोरं. माती तांबूस, चिकण आणि जड. पावसाळी दिवसांत ती बुटाला धरून बसते आणि नांगराला सोडत नाही. या मातीचा पुढच्या सगळ्या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून आधीच सांगितलं.

नॉर्मन राजाने देशभरच्या जमिनींची जी नोंद करवून घेतली, त्या १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत गाव आहे. नॉर्मन येण्याआधी ते टोकी नावाच्या माणसाकडे होतं. नंतर जॉफ्री आल्सेलिनकडे गेलं आणि त्याच्या वतीने वॉल्टर नावाचा माणूस ते सांभाळत होता. २२ बांधील शेतकरी, ७ अल्पभूधारक, ५ गुलाम आणि १ गुलाम बाई अशी नोंद आहे. त्या एका बाईचं नाव लिहावंसं कुणाला वाटलं नाही, पण मोजायला मात्र विसरले नाहीत.

पुढे गावाच्या उत्तरेला मातीची उंच टेकडी रचून किल्ला झाला. त्याचे उंचवटे आजही परगण्यातल्या अशा किल्ल्यांमध्ये सर्वांत ठसठशीत आहेत. बाराव्या शतकापासून इथले धनी शेरवुड जंगलाचे वंशपरंपरागत रखवालदार होते: आधी द कॉ घराणं, मग लग्नसंबंधातून एव्हरिंगहॅम. राजाच्या हरणांची राखण करणं हे त्यांचं काम. तेराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट द एव्हरिंगहॅमकडून हे पद काढून घेण्यात आलं आणि ते हरणांच्याच भानगडीवरून. जंगल गेलं तसा गावाचा राजकीय रुबाबही गेला. त्यानंतरचं लॅक्स्टन म्हणजे निव्वळ शेतकऱ्यांचं गाव.

घरांची रचना अजून जुनीच आहे. शेतातल्या वस्त्या जवळपास नाहीत. सगळे वाडे गावातल्या रस्त्याला लागून, पुष्कळशा घरांची निमुळती बाजू रस्त्याकडे, मागे परसू, त्याच्यामागे लांबट आवार. एन्क्लोजर झालेल्या गावांत शेतकरी आपल्या नव्या चौकोनी रानात घर बांधून राहायला गेले आणि गाव विरळ झालं. इथे ती वेळ आली नाही, कारण प्रत्येकाची जमीन चारी दिशांना. राहायचं कुठे? मधोमध, म्हणजे गावातच.

एका गावात दोन कारभार

इंग्लंडच्या खेड्याचा इतिहास वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. 'पॅरिश' आणि 'मॅनर' ही एकाच गोष्टीची दोन नावं समजली जातात. प्रत्यक्षात ते दोन वेगळे कारभार होते आणि कित्येक गावांत त्यांच्या हद्दीसुद्धा जुळत नसत.

मॅनर म्हणजे जमिनीचा कारभार. जमीनदार, त्याची कुळं, मालकी हक्काचे छोटे शेतकरी, खंड, चराईचे हक्क, पीकफेर, चर आणि वाटा. हे सगळं मॅनरच्या कोर्टात यायचं. पॅरिश म्हणजे चर्चची हद्द. जन्म-लग्न-मरण तिथे नोंदवायचं. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला नोंदवही ठेवायला लावली, म्हणून इंग्लंडमधल्या साध्या शेतमजुराचाही वंश सोळाव्या शतकापर्यंत मागे नेता येतो. उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, पॅरिशच्या नावाने गोळा व्हायचा. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांची जबाबदारीही पॅरिशवर आली. दरवर्षी गावातलेच दोघे-तिघे 'ओव्हरसियर' नेमायचे, त्यांनी घरटी कर बसवायचा आणि विधवा, अनाथ, लंगडे-पांगळे यांना आठवड्याला काही पेन्स द्यायचे. १६६२ च्या कायद्याने तर परगावचा गरीब माणूस आपल्या हद्दीत स्थायिक होऊ नये म्हणून त्याला मूळ पॅरिशमध्ये परत पाठवायची मुभा मिळाली. आपला गरीब आपण पोसू, दुसऱ्याचा नको, असा तो हिशोब होता. गावगाड्याच्या जिव्हाळ्याबद्दल गहिवरून लिहिणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावा.

लॅक्स्टन पॅरिशमध्ये मूरहाउस ही छोटी वस्तीही येते. मुख्य चर्च मुख्य देवदूत सेंट मायकेलच्या नावाचं आहे. त्यात एव्हरिंगहॅम घराण्याच्या मृतांच्या आडव्या मूर्ती आहेत. बाकीच्या दगडी, एक मात्र ओकच्या लाकडात कोरलेली आहे. ॲडम द एव्हरिंगहॅमच्या एका बायकोची ती मूर्ती. मध्ययुगातली अशी लाकडी मूर्ती नॉटिंगहॅमशरमध्ये दुसरी नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मोडकळीला आलं होतं आणि गावाच्या मानाने फार मोठंही वाटू लागलं होतं. १८५९–६० मध्ये जमीनदार अर्ल मॅनव्हर्स याच्या पुढाकाराने नॉटिंगहॅमचा वास्तुविशारद टी. सी. हाइन याने ते नव्याने उभं केलं आणि करताना लांबीला कमी केलं. त्याच सुमारास मूरहाउसला वेगळं छोटं प्रार्थनाघर झालं. तिथली जमीन शेजारच्या ऑसिंग्टनच्या डेनिसनची, जो त्या वेळी हाउस ऑफ कॉमन्सचा सभापती होता. म्हणजे पॅरिश एक, पण पैसा ज्याच्या हद्दीत त्याचा.

गरिबांचा कारभार १८३४ च्या कायद्याने पॅरिशच्या हातून गेला. अनेक पॅरिशचं मिळून एक 'युनियन' आणि त्याचं एक वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून कामाला लावायचं घर. लॅक्स्टन साउथवेलच्या युनियनमध्ये गेलं. साउथवेलचं वर्कहाउस १८२४ चं. रेव्हरंड जॉन बीचर या पाद्र्याने ते उभं केलं होतं आणि पुढे देशभरच्या वर्कहाउसना तो नमुना ठरला. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. मदत मागायला आलेल्याने पुन्हा येऊ नये अशीच ती योजना होती. इमारत आजही उभी आहे आणि तिकीट काढून बघता येते.

बहुतेक गावांत मॅनरचं कोर्ट हळूहळू विझलं आणि पॅरिशचा कारभार वाढत गेला. लॅक्स्टनला दोन्ही टिकले, आणि मॅनरचं कोर्ट टिकलं ते शेतांमुळे.

१६३५ चा नकाशा आणि त्यामागचा व्यापारी

या गावाबद्दल इतकं बारकाईने बोलता येतं ते एका नकाशामुळे. १६३५ मध्ये मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने लॅक्स्टनची मोजणी केली. नकाशा भला मोठा आहे. सोबत एक वही: प्रत्येक पट्टा, तो कुणाच्या ताब्यात, क्षेत्र किती. नकाशातल्या शेतांमधून माणसं नांगर हाकतायत, बी फेकतायत, कापणी करतायत. कडेला शिकारी हरणामागे लागलेत. पट्टे इतके की नकाशा लांबून पाहिला तर शेतांना बारीक दोऱ्यांची झालर लावल्यासारखी वाटते. आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

त्यात चार शेतं आहेत: वेस्ट, मिल, साउथ आणि लहानसं ईस्ट. पीकफेरीला तीनच धरायची, कारण ईस्ट वेस्टच्या जोडीने चालायचं. ईस्ट नंतर कुंपणात गेलं. उरलेली तीन आजची.

मोजणी करवून घेणारा धनी गावातला नव्हता. सर विल्यम कोर्टन हा लंडनचा मोठा व्यापारी, फ्लँडर्समधून परागंदा होऊन आलेल्या शिंप्याचा मुलगा. रेशमी आणि लिनन कापडाच्या धंद्यात गब्बर झाला, राजाला कर्ज देऊ लागला, बार्बाडोस बेटावर इंग्रजांची पहिली वसाहत त्याच्या पैशाने उभी राहिली. जमिनीत पैसा गुंतवावा तसं त्याने लॅक्स्टन घेतलं. आपण घेतलेला माल नेमका किती आहे हे व्यापाऱ्याला कळायला हवं, म्हणून नकाशा.

मराठी वाचकाने इथे जरा थांबावं. ज्या वर्षी पिअर्स लॅक्स्टनच्या पट्ट्यांत साखळी ओढत होता, त्याच वर्षी, डिसेंबर १६३५ मध्ये, पहिल्या चार्ल्स राजाने कोर्टनच्या मंडळीला गोवा आणि मलबारच्या किनाऱ्यावर व्यापार करायची सनद दिली. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी असताना! कंपनी चिडली, पण राजाला पैशांची गरज होती. १६३६ मध्ये जॉन वेडेलच्या हाताखाली जहाजं निघाली आणि त्याच वर्षी गोव्याला पोचली. स्वतः कोर्टन त्याआधीच वारला होता. कारभार मुलाच्या नावावर चालला. कारवारला १६३८ मध्ये या मंडळीने वखार घातली, भटकळ आणि कोकणातलं राजापूर इथेही व्यापार मांडला. कारवारची मिरी हे मुख्य आकर्षण. म्हणजे नॉटिंगहॅमशरच्या चिकण मातीतल्या कुळांचा खंड आणि आदिलशाही बंदरांतली मिरी एका घराण्याच्या खातेवहीत होती. दोन्ही हातचं गेलं. जहाजं बुडाली, कर्जं वाढली, राजाकडून येणं वसूल झालं नाही. १६४० च्या सुमारास लॅक्स्टन किंग्स्टनच्या अर्लकडे, म्हणजे शेजारच्या थोर्सबीच्या पियरपाँट घराण्याकडे गेलं आणि पुढची तीनशे वर्षं त्यांच्याकडेच राहिलं.

पट्टे का?

एकाच माणसाची जमीन इतक्या तुकड्यांत का विखुरलेली, याचं नेहमीचं उत्तर असं: चांगली-वाईट जमीन सगळ्यांना सारखी मिळावी म्हणून. त्यात तथ्य आहे, पण १९३० च्या दशकात लॅक्स्टनचा अभ्यास करणारे ऑक्सफर्डचे कृषि-अर्थशास्त्रज्ञ ऑर्विन पतिपत्नी नांगराकडे बघायला लागले आणि त्यांना वेगळं दिसलं.

जड जमिनीत मोठी जोत लागते. आपल्याकडे काळ्या रानात आठबैली नांगर चालायचा, तसाच तिथेही. एवढी जोत वळवणं म्हणजे दिव्य, तेव्हा तास जितकं लांब तितकं बरं. लांबी बैलांच्या दमावर ठरायची आणि रुंदी दिवसभरात किती तासं निघतात त्यावर. झाला एका दिवसाच्या नांगरटीचा पट्टा. नांगर माती एकाच बाजूला पलटतो. मधून सुरुवात करून दोन्ही अंगांनी फिरत गेलं की माती मध्यावर चढते आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये खोलगट सरी उरते. त्या सरीतून पाणी निघून जातं. चिकण मातीत पाण्याचा निचरा हाच जिवाचा प्रश्न, म्हणून पट्टे उताराच्या दिशेने.

त्यामुळे लॅक्स्टनच्या दोन पट्ट्यांमध्ये आपल्याला अपेक्षित असतो तसा बांध नाही. फक्त सरी. बांध कोरायला निदान कोयती-कुदळ घेऊन जावं लागतं. सरी सरकवायला नांगर वीतभर बाजूला धरला की झालं. हे ध्यानात घेतलं म्हणजे तिथलं कोर्ट दरवर्षी नेमकं काय बघायला जातं ते कळतं.

पीकफेर तीन वर्षांची. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं धान्य, तिसरं पड. पुढच्या वर्षी सगळं एक घर पुढे. पडीक शेतात आणि कापणीनंतरच्या धसकटांत गावची जनावरं चरायची, आणि त्यांचं खत तिथेच पडायचं. पण जनावरं कितीही सोडायची नाहीत. चराईचा हक्क ठरावीक घरजागांना जोडलेला होता, आणि प्रत्येक हक्कामागे जनावरांची संख्या बांधलेली. हक्क माणसाला नव्हता, जागेला होता. ज्याच्या झोपडीच्या जागेला हक्क नाही, त्याला गावच्या गवतात वाटा नाही. 'सामाईक जमीन म्हणजे सगळ्यांची' असं समजणाऱ्याची इथे निराशा होते.

शेतांच्या मधल्या सखल, ओल्या चिंचोळ्या जागा नांगरता येत नाहीत. त्यांना 'साइक' म्हणतात. तिथल्या उभ्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. शतकानुशतकं नांगर आणि रासायनिक खतांपासून दूर राहिल्यामुळे त्या गवतात अशी रानफुलं उरली आहेत की साइकना निसर्गसंरक्षणाचा कायदेशीर दर्जा मिळाला आहे. नांगराच्या कामाला न येणारी जागा एवढंच तिचं मूळ भांडवल.

कुंपण का पडलं नाही

एन्क्लोजर करायचं तर मोजणी, वकील, संसदेतला खर्च, आयुक्तांचं मानधन, मग मैलोनमैल कुंपण आणि चर. शिवाय जमिनीच्या मोलाने बहुसंख्य मालकांची संमती. जिथे एकच बडा मालक होता तिथे हे चटकन झालं. लॅक्स्टनला किंग्स्टनचे ड्यूक, म्हणजे तेच पियरपाँट घराणं, सर्वांत मोठे, पण एकटे नव्हते. मालकी हक्काचे अनेक छोटे शेतकरी होते आणि त्यांचे पट्टे ड्यूकच्या पट्ट्यांत गुंतलेले. १७२० आणि १७३० च्या दशकांत गावाचा काही भाग कुंपणात गेला आणि काम अर्ध्यावर थांबलं.

दरम्यान घराण्यातच गोंधळ. शेवटचा ड्यूक १७७३ मध्ये निपुत्रिक वारला. त्याची बायको एलिझाबेथ चडली हिच्यावर १७७६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पहिला नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केल्याचा खटला चालला आणि ती दोषी ठरली. तरी मृत्युपत्रामुळे इस्टेटीचं उत्पन्न तिला मरेपर्यंत मिळत राहिलं. १७८८ मध्ये ती गेल्यावर ड्यूकचा भाचा चार्ल्स मेडोज वारस झाला. त्याने पियरपाँट हे आडनाव घेतलं आणि १८०६ मध्ये अर्ल मॅनव्हर्स झाला.

मॅनव्हर्स घराण्याने छोट्या मालकांच्या जमिनी हळूहळू विकत घेतल्या. पण शेतांमध्ये रफर्डच्या स्कारबरो अर्लच्याही जमिनी होत्या, आणि दोन अर्लांचं वाटणीवर एकमत होईना. लहान शेतकऱ्याने मोठ्याला अडवलं अशी गोष्ट ऐकायला छान असते. इथे दोन मोठ्यांनी एकमेकांना अडवलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो गुंता सुटत आला तेव्हा अमेरिकेतला स्वस्त गहू आगबोटींनी इंग्लंडमध्ये येऊ लागला होता. १८७७ मध्ये क्वार्टरला, म्हणजे धान्याच्या एका मापाला, ५६ शिलिंगांवर असलेला गव्हाचा भाव १८९४ मध्ये २३ शिलिंगांच्याही खाली उतरला. गव्हाच्या रानाला नवं कुंपण घालण्यात पैसा ओतणारा जमीनदार त्या काळात वेडा ठरला असता.

तरी घराण्याने हात अगदीच बांधून ठेवले नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका-एका कुळाचे शेजारचे पट्टे एकत्र करून मोठे केले. १६३५ ची दोऱ्यांची झालर तेव्हा गेली. आज लॅक्स्टनला जो पट्टा दिसतो तो मध्ययुगातला नाही, चांगला रुंद आहे, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र त्यात फिरतं. काही इतिहासप्रेमींना याचं दुःख होतं. माझ्या मते याच एका तडजोडीमुळे व्यवस्था टिकली. जुन्याच रुंदीचे पट्टे ठेवले असते तर यंत्रं आल्यावर कुळांनीच ती मोडून टाका म्हटलं असतं.

कोर्ट लीट

मॅनरच्या कोर्टाचं इथलं नाव कोर्ट लीट. नोव्हेंबरच्या अखेरीला एका गुरुवारी त्याची ज्युरी निघते. बारा जण, सगळे गावचे शेतकरी, त्यांच्यातलाच एक मुख्य. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ते त्या वर्षी गहू पेरलेल्या शेतात जातात. हेच शेत का, तर नुकतीच नांगरट-पेरणी झालेली असते आणि कुणी किती सरकलं ते ताजं दिसतं. पट्ट्याच्या टोकाला जिथे खूण हरवली असेल तिथे लाकडी खुंटी ठोकतात. कुणी शेताच्या वाटेवर नांगर घातला का, सरी शेजाऱ्याच्या अंगावर ढकलली का, चर साफ केला का, हे बघतात. नोंद होते. मग डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये जेवण, आणि तिथे उरलेला वाद.

आठवड्याने त्याच पबमध्ये कोर्ट भरतं. जमीनदाराचा नेमलेला स्टुअर्ड अध्यक्ष असतो. ज्युरीचा मुख्य नोंदी वाचतो, दंड लागतात, पुढच्या वर्षीच्या ज्युरीला शपथ दिली जाते. दंडाच्या रकमा किरकोळ. मोकाट जनावरं कोंडवाड्यात घालणारा 'पिंडर' हे पदही अजून आहे आणि गावात कोंडवाडाही.

एवढ्याशा दंडाला कोण भिणार? भिण्याचं कारण पैसे नाहीत. दंड करणारे बाराही जण शेजारी आहेत, पुढच्या वर्षी आपणच ज्युरीत असू शकतो, आणि कूळ म्हणून राहायचं तर कोर्टाचे नियम पाळणं क्रमप्राप्तच. शिवाय हे कोर्ट नाटकी नाही. १९७७ मध्ये न्यायव्यवस्थेच्या कायद्याने देशभरच्या अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले. बहुतेकांना समारंभापुरतं ठेवलं, लॅक्स्टनच्या कोर्टाचं शेतांच्या व्यवस्थापनाचं काम मात्र कायम राहिलं.

मालक बदलत गेले

विसाव्या शतकात जमीनदारी परवडेनाशी झाली. सहाव्या अर्लला इस्टेटीचा हा भाग ठेवणं शक्य नव्हतं, पण बाजारात सुटी विकली तर शेतं फुटतील हेही त्याला दिसत होतं. १९५२ मध्ये कृषी मंत्रालयाने लॅक्स्टन विकत घेतलं, ते ही पद्धत चालू ठेवण्यासाठी. दोन अर्लांच्या भांडणात वाचलेली गोष्ट आता राष्ट्रीय ठेवा ठरली होती.

सरकारी धोरण मात्र सरकारबरोबर बदलतं. मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्यावर मंत्रालयाला ही जमीन नकोशी झाली. गावात आणि इतिहासकारांत ओरड झाली, आणि १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे गेली. जवळपास चाळीस वर्षांनी क्राउन इस्टेटनेही ती विकायला काढली. २०२० मध्ये घेतली कुणी, तर थोर्सबी इस्टेटने, म्हणजे पियरपाँटांच्या जुन्या इस्टेटीनेच. गावातल्या काहींना यात इतिहासाचा न्याय दिसला. मला त्यात जोखीम जास्त दिसते. मंत्रालयाला संसदेत जाब विचारता येत होता, खासगी मालकाला विचारायचा तर कराराच्या कलमांवर बोट ठेवूनच.

खरा ताण मात्र मालकाच्या नावात नाही, कुळांच्या संख्येत आहे. पट्टे आणि त्यांच्याबरोबर कुंपणातली थोडी जमीन असं मिळून एका कुटुंबाचं पूर्वी भागायचं. आज तेवढ्या क्षेत्रात भागत नाही, म्हणून कुळं कमी झाली आणि उरलेल्यांची शेती मोठी झाली. गावातली कित्येक जुनी शेतघरं आता शेती न करणाऱ्यांकडे आहेत. शेतकरी कमी, म्हणजे ज्युरीत बसणारे कमी. जनावरंही घटली. चराईच्या ज्या हक्कांसाठी शतकानुशतकं कोर्टात भांडणं झाली, ते हक्क कागदावर आहेत पण सोडायला कळप नाहीत. पड ठेवायच्या शेतात आता बहुतेक वैरणीचं गवत घेतात आणि कापून नेतात. पीकफेरीचा क्रम तोच, फक्त पडीचा अर्थ बदलला. कोर्टाने त्याला हरकत घेतलेली नाही, कारण ज्युरीतले बाराही जण तेच करतात.